असोसिएट डिग्रीवर नर्स आहे, आता बीएसएन करू का?

प्रश्न : ताई, मी न्यूयॉर्कमध्ये राहते, कम्युनिटी कॉलेजमधून असोसिएट डिग्री (दोन वर्षांची पदवी) करून गेल्या वर्षी आरएन, म्हणजे रजिस्टर्ड नर्स, झाले. नाइट ड्युटी, घरी लहान मुलगी. सगळे म्हणतात बीएसएन, म्हणजे नर्सिंगची बॅचलर डिग्री, करच, खरंच गरज आहे का?

उत्तर : अगं, तुझ्या बाबतीत गरज आहेच. न्यूयॉर्कमध्ये 2017 साली कायदा झालाय, नव्याने लायसन्स घेणाऱ्या आरएनला 10 वर्षांत नर्सिंगची बॅचलर डिग्री मिळवावीच लागते, म्हणजे वेळ आहे पण ढकलत बसू नकोस. एनक्लेक्स ही लायसन्सची परीक्षा परत द्यायची नाही, लायसन्स तेच राहतं. आरएन टू बीएसएन प्रोग्राम बरेचसे ऑनलाइन असतात, साधारण वर्ष-दोन वर्षं, आणि विषय कम्युनिटी हेल्थ, रिसर्च, लीडरशिप असे, बेडसाइडचं काम तुला येतंच की! मात्र प्रत्येक आठवड्याला डिस्कशन पोस्ट आणि पेपर असतात, नाइट करून आल्यावर ते लिहिणं सोपं नाही, म्हणून आधी एकच कोर्स घे, स्टॅटिस्टिक्स राहिलं असेल तर तेच.

प्रवेशाआधी दोन गोष्टी बघच. प्रोग्रामला सीसीएनई किंवा एसीईएनसारख्या, नर्सिंगचे कोर्स तपासणाऱ्या संस्थेची मान्यता हवी, नाहीतर पुढे मास्टर्सला अडतं. आणि तुझ्या आधीच्या डिग्रीचे किती क्रेडिट धरणार ते लेखी माग, तोंडी आश्वासनावर फी भरू नकोस, कळकळीने सांगतेय.

पैशाचं म्हणशील तर एचआरला ट्यूशन रिइम्बर्समेंट, म्हणजे नोकरीच्या ठिकाणाहून फी परत मिळते का, ते विचार, वर्षाला 5,250 डॉलरपर्यंतची अशी मदत टॅक्स-फ्री असते, फक्त त्या बदल्यात किती वर्षं तिथेच नोकरी करायची अट आहे ते सही करायच्या आधी वाच.