खंडवहीत पाच हजार, हातात किती?

प्रश्न : एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या इंग्रजी कादंबऱ्यांत ‘वर्षाला पाच हजार पौंडांची इस्टेट’ असं वाचायला मिळतं. एवढं उत्पन्न असून ही घराणी कर्जात कशी बुडत? थोडी जमीन विकून मोकळी का होत नसत?

उत्तर : असा आकडा पुष्कळदा खंडवहीतला असे, म्हणजे सगळ्या कुळांनी मिळून वर्षाला द्यायचा खंड. मालकाच्या हाती त्यातलं किती पडतं, हा वेगळाच हिशेब. ३०० एकरांचं एक शेत एकरी २५ शिलिंगांनी (वीस शिलिंगांचा एक पौंड) दिलंय असं धरू. वर्षाचा खंड झाला ३७५ पौंड. तो बहुधा दोन हप्त्यांत भरायचा : २५ मार्चला, म्हणजे लेडी डेला, आणि २९ सप्टेंबरला, म्हणजे मायकलमसला. दर हप्ता १८७ पौंड १० शिलिंग. १८०६ पासून १८१६ पर्यंत मिळकतीवर पौंडामागे दोन शिलिंग कर होता. मालकाच्या वाट्याचा हा कर कूळ आधी भरून टाकी आणि खंडातून वळता करून घेई. या एका शेताचे साडेसदतीस पौंड असे परस्पर जात. शिवाय गोठे-कोठारांची डागडुजी, कुंपणं, फाटकं, कारभाऱ्याचा पगार.

पण खरा भार घरातला. वडिलांच्या विधवेची सालिना नेमणूक, धाकट्या भावंडांचा वाटा, आणि तो वाटा देण्यासाठी जमीन गहाण ठेवून उचललेलं कर्ज. व्याजाला कायद्याने पाच टक्क्यांची मर्यादा होती. तरी १०,००० पौंडांच्या वाट्यापायी वर्षाला ५०० पौंडांपर्यंत व्याज जाई.

विकता का येत नसे? कारण कौटुंबिक व्यवस्थापत्राने मालक फक्त हयातीपुरता मालक असे. पुढचा वारस आधीच ठरलेला. पत्रात विक्रीची मुभा नसेल तर पार्लमेंटकडून खास कायदा मंजूर करून घ्यावा लागे, आणि त्याला वेळ व पैसा दोन्ही लागत. म्हणून रोकड हवी असली की नजर झाडांकडे जाई, तीही पत्रात तोडीची मुभा असेल तरच. ओक बहुधा एप्रिल-मेमध्ये तोडत, कारण रस चढला की साल सहज सुटते आणि ती कातडी कमावणाऱ्यांना वेगळी विकता येते.

प्रश्न : खंडाचा करार एकवीस वर्षांचा का असे? त्यात पिकं कोणती घ्यायची हेही मालक सांगे का?

उत्तर : सगळीकडे एकवीस वर्षं नव्हती. कितीतरी शेतं सालोसाल चालत. तिथे कूळ हलवायचं तर सहा महिन्यांची नोटीस द्यावी लागे, आणि तिची मुदत कुळाचं वर्ष संपतं त्याच दिवशी संपायला हवी. तारीख चुकली की नोटीस रद्द आणि आणखी एक वर्ष हातचं गेलं. लांब मुदतीचं कारण साधं आहे. मार्ल, म्हणजे चुन्याचा अंश असलेल्या मातीच्या गाड्या आणून टाकणं, चर खणणं, चुना घालणं हा खर्च एका हंगामात निघत नाही. उद्याची शाश्वती नसलेलं कूळ तो करणारच नाही. नॉरफोकमधल्या होल्कमच्या इस्टेटीवर टॉमस विल्यम कोक यांनी असे एकवीस वर्षांचे पट्टे, म्हणजे करार, दिले, आणि तिथली शेती त्यामुळे नावाजली.

पीक मालक नेमून देई, आणि माझ्या मते कराराचं मर्म त्यातच आहे. नॉरफोकची चार पाळ्यांची रीत अशी : पहिल्या वर्षी टर्निप, म्हणजे सलगम, दुसऱ्या वर्षी जव आणि त्यातच पेरलेलं क्लोव्हर, म्हणजे एक चाऱ्याचं पीक, तिसऱ्या वर्षी क्लोव्हरचं गवत, चौथ्या वर्षी गहू. ३०० एकरांत दर पिकाला ७५ एकर. हिवाळ्यात हलत्या कुंपणात मेंढ्या कोंडून त्यांना टर्निप जागेवरच खाऊ घालायचे, म्हणजे खतही जागेवर पडतं आणि हलकी माती खुरांनी दाबून घट्ट होते. टर्निपची खुरपणी दोनदा झालीच पाहिजे. नाहीतर ‘जमीन स्वच्छ करणारं पीक’ हे नुसतं नावाला उरतं आणि तण जवात वर येतं.

भारी चिकणमातीवर हीच रीत अंगाशी येते. ओल्या हिवाळ्यात मेंढ्या रान तुडवून चिखल करतात आणि वसंतात त्याची ढेकळं होतात. दर चौथ्या वर्षी त्याच जागी क्लोव्हर आलं तर तेही पुढे विरळ होत जातं.

कराराची नेहमीची कलमं : धान्यापाठोपाठ धान्य नको, काड, वाळलं गवत आणि शेणखत शेताबाहेर विकायचं नाही, जुनं कुरण नांगरलं तर एकरामागे जबर दंड. सगळ्यात जपायची ती शेवटची तीन-चार वर्षं. जाणारं कूळ जमीन पिळून घेतं, म्हणून कारभाऱ्याने त्या काळात दर हंगामाला शेतं स्वतः फिरून पीकनोंद नकाशाशी ताडायची.

प्रश्न : १८१५ नंतर भाव कोसळले तेव्हा थकबाकीदार कुळांची गुरं जप्त का केली नाहीत?

उत्तर : हक्क होता. माल ताब्यात घेऊन नोटीस द्यायची आणि पाच दिवसांत सोडवला नाही तर किंमत ठरवून विकायचा. पण मेंढ्या विकल्या की खत गेलं, आणि पुढचं कूळ ओसाड शेत पूर्ण खंडाने घेत नाही. १८१२ साली गव्हाचा सरासरी भाव क्वार्टरला, म्हणजे आठ बुशेलांना, १२६ शिलिंग होता. १८२२ साली ४४. देशातला भाव ८० शिलिंगांवर जाईपर्यंत परदेशी गव्हाला बंदी घालणारा १८१५ चा कायदाही तो सावरू शकला नाही. म्हणून शहाणा कारभारी करारातला खंड तसाच ठेवून वसुलीच्या दिवशी त्या हप्त्यापुरती सूट देई. भाव सुधारले की सूट थांबवता येते. एकदा उतरवलेला खंड चढवायचा तर वाटाघाट नव्याने करावी लागते.

प्रश्न : स्टुअर्ड आणि बेलिफ एकच का?

उत्तर : नाही. स्टुअर्ड हा कारभारी : पट्टे, वसुली, हिशेब, मोजणी त्याच्याकडे. इथला बेलिफ कोर्टाचा नव्हे. तो मालकाच्या घरच्या शेतावरचा मुकादम. स्टुअर्डच्या हिशेबात एका बाजूला मागची बाकी आणि येणं, दुसऱ्या बाजूला दिलेली रक्कम आणि सूट. उरेल ते त्याच्या अंगावर. त्यातून नफा-तोटा कळत नाही, स्टुअर्डने मालकाला अजून किती द्यायचं तेवढंच कळतं. तो अचानक वारला तर त्याचे स्वतःचे पैसे आणि इस्टेटीचे पैसे वेगळे काढताना वारसांची त्रेधा उडे.