वाचकांचे प्रश्न : झॅपिअर घेऊ, एन-एट-एन टाकू की सरळ कोडच लिहू?

प्रश्न : सर, नमस्कार. मी कोल्हापुरात एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत डेव्हलपर आहे, आमची टीम तिघांची. आमच्या एका क्लायंटचं मसाल्याचं ऑनलाइन दुकान आहे, दिवसाला साधारण १०० ऑर्डर येतात. पेमेंट रेझरपेवर होतं, मग शीटमध्ये ओळ टाकायची, गिऱ्हाइकाला व्हॉट्सॲप आणि मेल पाठवायचा आणि शेवटी टॅलीत एंट्री करायची. सध्या त्यांच्याकडची एक मुलगी हे सगळं हाताने करते. साहेब म्हणतात झॅपिअर (वेगवेगळी ॲप जोडून कामं आपोआप करणारी क्लाउड सेवा) घ्या, मित्र म्हणतो तसंच काम करणारं एन-एट-एन फुकट आहे तेच टाक, आणि मला वाटतं स्वतःच कोड लिहावा. काय करू?
(एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : तिघांचंही थोडंथोडं बरोबर आहे, पण तुमचा निर्णय खरा अडकलाय तो टॅलीपाशी आणि त्याबद्दल कोणीच बोललेलं दिसत नाही. टॅलीप्राइम क्लायंटच्या ऑफिसातल्या पीसीवर चालतं, बाहेरच्या प्रोग्रामकडून ते नेटवर्कवर (एचटीटीपीने) एक्सएमएल नावाच्या साच्यातला डेटा घेतं, नेहमीचं पोर्ट (म्हणजे त्याच्या दाराचा नंबर) ९०००, म्हणजे पीसी चालू पाहिजे, टॅली उघडं पाहिजे आणि आत कंपनी लोड झालेली पाहिजे. झॅपिअर आहे क्लाउडवर, ते दुकानातल्या राउटरमागच्या पीसीपर्यंत पोचणार कसं? काहीजण यावर पोर्ट फॉरवर्ड करून (राउटरमधून बाहेरच्यांना थेट पीसीपर्यंत वाट देऊन) मोकळे होतात, कृपा करून तसं करू नका, क्लायंटचा सगळा हिशेब इंटरनेटवर उघडा पडेल. उलट्या बाजूने या : पीसीवर एक छोटा प्रोग्राम बसवा, तो दर पाच मिनिटांनी तुमच्या सर्व्हरला विचारेल की टॅलीत टाकायचं काही राहिलंय का, असेल तर तिथल्या तिथे टॅलीला देईल आणि झालं म्हणून सर्व्हरला कळवेल. आणि टॅलीने उत्तर दिलं म्हणजे एंट्री पडली असं समजू नका, उत्तराच्या एक्सएमएलमध्ये किती क्रिएट झाल्या आणि किती एरर आल्या हे आकडे असतात ते वाचा, कारण लेजर (खातं) नसेल तर उत्तर येतं पण व्हाउचर (एंट्री) पडत नाही.

म्हणजे हा भाग कोडच आहे, इथे तुमचं बरोबर.

आता रेझरपे. त्यांचा वेबहुक (पेमेंट झालं की त्यांच्याकडून तुमच्या सर्व्हरला आपोआप येणारा निरोप, त्यात कळवलेली गोष्ट म्हणजे इव्हेंट) एकदाच येईल अशी खात्री नसते, तुमच्या सर्व्हरने ५ सेकंदात नीट उत्तर दिलं नाही तर ते २४ तासांपर्यंत परत परत पाठवत राहतात, आणि इव्हेंट क्रमानेच येतील असंही नाही. त्यामुळे कुठलंही टूल घ्या, तोच इव्हेंट दुसऱ्यांदा आला तर काय होईल हा प्रश्न आधी सोडवा. निरोपाच्या हेडरमध्ये इव्हेंट आयडी येतो, तो पोस्टग्रेस डेटाबेसच्या एका टेबलात युनिक कॉलम (एकच किंमत दोनदा न घेणारा) म्हणून ठेवा. आधी सिग्नेचर (निरोप खरंच रेझरपेचा आहे याची खूण) तपासायची, मग ओळ टाकायची, लगेच २०० (म्हणजे ‘मिळालं’ असा उत्तराचा कोड) द्यायचा आणि बाकीची कामं नंतर, ओळ आधीच असेल तर नुसता २०० देऊन सोडून द्यायचं. एवढं लिहायला तुम्हाला फार तर दोन दिवस लागतील आणि पैशाशी संबंधित सगळं या टेबलातून दिसेल, टॅलीचा प्रोग्रामही यातूनच वाचेल. सिग्नेचर तपासताना बॉडी (निरोपाचा मजकूर) जशी आली तशीच घ्या, त्यातलं जेसन (डेटाचा साचा) पार्स करून, म्हणजे उलगडून, परत बनवलीत तर जुळणार नाही.

राहिलं शीट, व्हॉट्सॲप आणि मेल. हे टूलवर टाका, तिथे कोड लिहीत बसण्यात अर्थ नाही, कारण मेसेजचा मजकूर आठवड्याला बदलणार आणि प्रत्येक वेळी तुम्हालाच फोन येणार. (व्हॉट्सॲपवर आपण होऊन मेसेज पाठवायचा तर टेम्प्लेट मेटाकडून आधी मंजूर करून घ्यावी लागते, ते काम आजच सुरू करा.)

कुठलं टूल, तर आधी ते पैसे कशाचे मोजतं ते बघा. झॅपिअर प्रत्येक यशस्वी ॲक्शनला एक टास्क धरतं, तुमच्या तीन ॲक्शन आणि १०० ऑर्डर म्हणजे दिवसाला ३००, महिन्याला ९,०००. एन-एट-एनची क्लाउड सेवा पूर्ण फ्लो (सगळ्या पायऱ्यांची साखळी) एकदा चालला की एक धरते, म्हणजे तेच काम ३,००० मध्ये. मेक नावाचं असंच तिसरं टूल प्रत्येक मॉड्यूलचं (पायरीचं) मोजतं आणि त्यात एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही, दर १५ मिनिटांनी नवीन काही आहे का बघायला लावलं तर काही नसलं तरी ती तपासणी मोजली जाते, म्हणजे महिन्याला २,८८० नुसत्या बघण्याच्या. म्हणून जिथे वेबहुक मिळतो तिथे पोलिंग (असं सारखं विचारत राहणं) लावूच नका.

मित्र म्हणतो तसं एन-एट-एन स्वतःच्या सर्व्हरवर फुकट चालतं, पण मग बॅकअप, अपडेट, डिस्क भरणं हे सगळं तुमच्याकडे आलं. डॉकरवर (प्रोग्राम वेगळ्या डब्यात बंद करून चालवण्याची सोय) टाकणार असाल तर एन्क्रिप्शन की (गुप्त माहिती उलगडायची किल्ली) वेगळी जपून ठेवा, ती गेली तर साठवलेले सगळे पासवर्ड आणि टोकन वाचता येत नाहीत, डेटाबेसचा बॅकअप असून उपयोग नाही. तुमच्या तिघांपैकी एकाने हे आपलं काम म्हणून घेतलं तर मी एन-एट-एनच घेईन, कारण फेल झालेला रन उघडून कुठल्या पायरीवर काय डेटा होता ते दिसतं आणि तिथून परत चालवता येतो, शिवाय एरर आली की दुसरा फ्लो चालू होऊन तुम्हाला मेसेज येईल अशी सोय आहे. कोणीच घेणार नसेल तर साहेबांचं ऐका आणि क्लाउडचे पैसे भरा. नाहीतर रविवारी रात्री फ्लो थांबेल आणि मंगळवारी गिऱ्हाइकाच्या शिव्या खाल्ल्यावर त्या मुलीला कळेल, त्या बिचारीचा यात काहीही दोष नसताना.

विकत घ्यायच्या आधी ट्रायलमध्ये मुद्दाम मोडून बघा : शीटचा ॲक्सेस काढून घ्या, तोच इव्हेंट दोनदा पाठवा, सर्व्हर मध्येच बंद करा. किती हजार ॲप जोडता येतात ही यादी बघण्यापेक्षा ही एक दुपार जास्त कामाची.

प्रश्न : रोजचा सेल्स रिपोर्ट गिटहब ॲक्शन्सवर (गिटहबची ठरल्या वेळी कोड चालवणारी सेवा) सकाळी ९ ला लावलाय तर तो दुपारी अडीचला येतो, आणि दुसरा एक जॉब, जो पब्लिक रेपोमध्ये (सगळ्यांना दिसणाऱ्या कोडच्या साठ्यात) होता, तो आपोआप बंदच झाला. टूल बदलू का?
(एक वाचक, पुणे)

उत्तर : बदलायची गरज नाही. तिथलं शेड्यूल काही वेगळं सांगितलं नाही तर यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) चालतं, आपण साडेपाच तास पुढे, म्हणून ९ चे अडीच झाले. क्रॉनमध्ये (वेळापत्रकाच्या ओळीत) मिनिट ३० आणि तास ३ टाका. त्यातही बरोबर तासाच्या ठोक्याला गर्दी असते आणि जॉब उशिरा सुटतो, तेव्हा १७ सारखं आडनिडं मिनिट दिलं तर बरं. पब्लिक रेपोत ६० दिवस काही हालचाल नसेल तर शेड्यूल आपोआप बंद होतं, तुमचं तेच झालंय, ॲक्शन्स टॅबमधून परत चालू करता येतं. मात्र ९ म्हणजे ९ लाच पाहिजे असेल तर स्वतःच्या सर्व्हरवरचा साधा क्रॉन बरा. एअरफ्लोचा (जॉबचं वेळापत्रक सांभाळणाऱ्या मोठ्या टूलचा) विचार करत असाल तर एका रिपोर्टसाठी नको, ते २०१४ मध्ये एअरबीएनबीत सुरू झालं तेच मुळी एकमेकांवर अवलंबून असलेल्या ढीगभर डेटा जॉबसाठी. तुमचे तसे वीसेक जॉब झाले आणि मागच्या तारखांचे परत चालवायची वेळ यायला लागली की मग घ्या.

प्रश्न : मी फ्रीलान्सर. एन-एट-एन माझ्या सर्व्हरवर टाकून, माझा लोगो लावून क्लायंटना महिना भाड्याने देऊ का?
(एक वाचक, नाशिक)

उत्तर : नाही, तसं करता येणार नाही. कोड उघडा दिसतो म्हणून लोकांना वाटतं काहीही चालेल, पण २०२२ पासून त्यांचं सस्टेनेबल यूज लायसन्स आहे, स्वतःच्या धंद्याच्या आतल्या कामाला वापरा, पण तेच होस्ट करून विकायचं तर कंपनीशी वेगळा करार लागतो. क्लायंटच्या स्वतःच्या सर्व्हरवर बसवून देणं, फ्लो बनवून देणं, त्याची देखभाल करणं याचे पैसे मात्र बिनधास्त घ्या. स्वतःच्या नावानेच प्रॉडक्ट काढायचं असेल तर नोड-रेड हे असंच फ्लो बनवायचं टूल बघा, २०१३ मध्ये आयबीएममध्ये सुरू झालं, अपाची २.० लायसन्स आहे, त्यावर धंदा करायला कोणाला विचारावं लागत नाही, फक्त लायसन्स आणि कॉपीराइटची नोटीस सोबत ठेवा.