सत्काराला जा, अर्ज मात्र घरी ठेवा

ताई, तुमचे वडील हवालदार म्हणून निवृत्त झालेले. ते गेल्यावर आईची कौटुंबिक पेन्शन अडकली, कारण फौजेच्या कागदात तिचं माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं. आता 7 डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिनाच्या कार्यक्रमात तिचा सत्कार आहे, तर तिथेच साहेबांच्या हातात अर्ज द्यावा का, असं तुम्ही विचारलंय. आमच्या आईचं अगदी हेच झालं होतं, म्हणून लिहितोय.

देऊ नका. हा दिवस 1949 पासून पाळला जातो आणि तो मुळात निधी गोळा करण्याचा दिवस आहे. त्या सुमारास जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचं चित्त संकलनाच्या उद्दिष्टावर असतं. व्यासपीठावर "करून टाकू" म्हणतात, कागद मागच्या माणसाकडे जातो आणि आवक क्रमांक काही पडत नाही. आठ-दहा दिवसांनी साध्या वारी जा, पोच घ्या.

आता खरी गोष्ट. आमच्या आईचं नाव लग्नात तांदळात लिहून बदललेलं. आप्पांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, युनिटला लग्न कळवलं तेव्हा तिच्या शाळेच्या दाखल्यावरचं नाव गेलं आणि पार्ट टू ऑर्डरमध्ये (लग्न, मुलं अशा नोंदींचा फौजेचा आदेश) तेच छापलं गेलं. एका कार्यालयाने (नाव घेत नाही, माणसं अजून तिथेच आहेत) ठामपणे सांगितलं, राजपत्रात नाव बदलून आणा, त्याशिवाय फाइल पुढे जाणार नाही. लेखी द्या म्हटलं तर "आम्हाला शिकवू नका". राजपत्र झालं, फाइल गेली आणि रेकॉर्ड ऑफिसने (सैनिकाच्या सेवेच्या नोंदी ठेवणारं फौजेचं कार्यालय) परत पाठवली. राजपत्राची तारीख आप्पांच्या मृत्यूनंतरची! म्हणजे कागदोपत्री बाईने नवरा गेल्यावर नाव बदललं. मग लग्नाच्या वेळची बाई हीच कशावरून? नसलेली शंका त्या राजपत्राने उभी केली. त्या काळात आईचा औषधाचा खर्च बहिणीने चालवला. त्या टेबलावरच्या माणसाला याचं काही वाटलं असेल असं मला वाटत नाही.

शेवटी काम झालं ते दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याच्या प्रतिज्ञापत्रावर. सोबत आईचा शाळेचा दाखला, आप्पांचं डिस्चार्ज बुक आणि पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश). तुमच्या रेकॉर्ड ऑफिसला आणखी काही लागू शकतं. मी वकील नाही, पेन्शनचा जाणकारही नाही. म्हणून काहीही बनवण्याआधी थेट रेकॉर्ड ऑफिसलाच लिहून विचारा, नक्की कोणता कागद हवा. मराठा लाइट इन्फन्ट्री असेल तर बेळगाव, तोफखाना असेल तर नाशिक रोड, बॉम्बे सॅपर्स असेल तर खडकी. पत्रावर आर्मी नंबर, हुद्दा, नाव ठळक, स्पीड पोस्टानेच (रजिस्टर पोस्ट 2025 मध्ये त्यातच विलीन झालं). उत्तर आलं की त्याची प्रत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात दाखवा. लेखी उत्तर समोर ठेवलं की आवाज आपोआप खाली येतो. ('स्पर्श' या संरक्षण पेन्शनच्या पोर्टलवर मृत्यूची नोंद केली असेलच, ते सांगत बसत नाही.)

जाता जाता, कुणी पेन्युरी ग्रँटचा फॉर्म हातात देईल. ती मदत पेन्शन नसलेल्या, हवालदार किंवा त्याखालच्या हुद्द्याच्या, 65 वर्षांवरील माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना असते. तुमच्या वडिलांना पेन्शन होती, त्यामुळे त्यात वेळ घालवू नका.

आणि माझ्या चिडण्यामुळे ध्वजनिधीच्या डब्यात पैसे टाकायचं थांबवू नका. लाल, गडद निळा आणि फिका निळा अशा तीन पट्ट्यांचा तो छोटा ध्वज मी दरवर्षी घेतो. गरजू माजी सैनिक आणि विधवांना त्यातून खरोखर मदत मिळते. खिडकीवरचा माणूस आणि तो निधी, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

रेकॉर्ड ऑफिसचं उत्तर आलं की इथे टाका. प्रतिज्ञापत्राचा मसुदा माझ्याकडे आहे, नावं झाकून देतो.