दुसऱ्या महायुद्धातला एक डच सैनिक पुढे घरचा कर्ता होतो, अशी कादंबरी लिहितोय. तो खरा वाटावा म्हणून काय माहीत असायला हवं?

आधी त्याचं जन्मसाल ठरवा. नाव-गाव मागाहून बघता येईल.

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की नायक युद्धात लढलेला आहे, पुढे मोठ्या घराचा कर्ता होतो आणि रणांगणावर गाजवलेल्या पराक्रमामुळे घरात त्याचा दरारा असतो. पहिल्या दोन गोष्टी सहज जमतील. तिसरी मात्र मला पटत नाही, कारण नेदरलँड्समधल्या साध्या सैनिकाला पराक्रम गाजवायला सवडच मिळाली नाही. १० मे १९४० च्या पहाटे जर्मन फौजा घुसल्या, १३ तारखेला राणी विल्हेल्मिना इंग्लंडला निघून गेली, १४ ला रॉटरडॅमवर बॉम्ब पडले आणि त्याच संध्याकाळी सेनापतीने शस्त्रं खाली ठेवायला सांगितली. झीलंड प्रांतात आणखी दोन-तीन दिवस झटापट चालली. संपलं.

म्हणून जन्मसाल. नायक १९१५ च्या आसपास जन्मलेला असेल तर तो १९४० च्या त्या पाच दिवसांतला. १९२५ चा असेल तर तेव्हा तो शाळकरी पोरगा होता, आणि त्याचं युद्ध महायुद्ध संपल्यावर इंडोनेशियात, म्हणजे तेव्हाच्या डच वसाहतीत, सुरू होतं. जावा-सुमात्रावरच्या वसाहतीच्या सैन्यात असेल तर तो जपान्यांचा युद्धकैदी. आणि एक चौथी शक्यता आहे, जिच्याबद्दल इथली घरं आजही बोलायला तयार नसतात: वीस हजारांहून जास्त डच पोरं जर्मनांच्या बाजूने वाफेन एसएसमध्ये, म्हणजे नाझींच्या एसएस संघटनेच्या लढाऊ फौजेत, गेली होती. युद्धानंतर त्यांना तुरुंगवास झाला, नागरिकत्वही गेलं. या चौघांपैकी प्रत्येकजण जेवणाच्या टेबलाशी वेगळा बसेल.

मी तुमच्या जागी असते तर १९१५ चा घेतला असता. का ते सांगते.

मी नेदरलँड्समध्ये वागेनिंगनला राहते. इथून ऱ्हेनेनकडे सायकलने निघालं की ग्रेब्बेबर्ग लागतो. ‘बर्ग’ म्हणजे डोंगर, पण आहे जेमतेम ५० मीटरची टेकडी. सपाट देशात तेवढंही कौतुक. ११ ते १३ मे १९४० मध्ये इथे लढाई झाली. वर लष्करी दफनभूमी आहे, एकसारख्या पांढऱ्या दगडांच्या रांगा, आणि रस्त्याच्या पलीकडे प्राणिसंग्रहालय. ते १९३२ पासून तिथेच आहे. आघाडी जवळ आली तेव्हा हिंस्र प्राणी सुटतील या भीतीने ते गोळ्या घालून मारले. आज कबरींमध्ये उभं राहिलं की पलीकडून शाळेच्या सहलीचा गलका ऐकू येतो. अशा ठिकाणी नायकाला म्हातारपणी नातवंडांबरोबर आणलंत तर त्याला एक वाक्यही बोलायला लावू नका. नातवंडांना हत्ती बघायचे असतील आणि तो रस्त्याच्या अलीकडेच थांबेल, बस्स.

त्याच्या हातात काय होतं तेही बघा. बंदूक १८९५ च्या बनावटीची. काही तोफा तर त्याच्या वडिलांच्याही आधीच्या. ऑगस्ट १९३९ च्या अखेरीस राखीव सैनिकांना बोलावणं आलं आणि सुमारे २ लाख ८० हजार माणसं कामधंदा सोडून बराकीत दाखल झाली. आठ महिने खंदक खणले, पत्ते खेळले, रजेसाठी अर्ज केले. आणि मग एकदम ते पाच दिवस. ग्रेब्बेबर्गच्याच लढाईत मोर्चा सोडून मागे आलेल्या एका सार्जंटला स्वतःच्याच सैन्याने गोळ्या घातल्या. तुमच्या नायकाने ते पाहिलं असेल किंवा नुसतं ऐकलं असेल, पण मागे हटणाऱ्यांत तोही होताच. ही गोष्ट त्याने बायकोलाही सांगितलेली नसेल.

जूनमध्ये हिटलरने बहुतेक डच युद्धकैदी घरी सोडले. म्हणजे नायक महिन्याभरात परत! घर रॉटरडॅमला असेल तर कदाचित घरच जागेवर नाही. त्या एका बॉम्बफेकीत सुमारे ८० हजार लोक बेघर झाले. नोकरी परत मिळते, ट्राम चालू असते, रस्त्यात जर्मन शिपाई उभे असतात. आता कथेला महत्त्वाचं वळण देणारी तारीख: २९ एप्रिल १९४३. सोडून दिलेल्या सगळ्या सैनिकांनी पुन्हा कैदेत हजर व्हावं, असा हुकूम निघाला. हेंगेलोच्या यंत्रांच्या कारखान्यात कामगार बाहेर पडले आणि बघता बघता देशभर संप पसरला. शेतकऱ्यांनी डेअरीला दूध घालणं बंद केलं. संप गोळ्या घालून मोडला, पण हजर व्हायचं सोडून कितीतरी माजी सैनिक भूमिगत झाले.

भूमिगत म्हणजे बंदूक घेऊन जंगलात, असं डोळ्यासमोर आणू नका. बहुतेकांसाठी त्याचा अर्थ होता कुणाच्या तरी माळ्यावर, गोठ्यामागच्या खोलीत किंवा स्वतःच्याच घरात फरशीखालच्या पोकळीत दडून बसणं. रेशनकार्ड त्याच्या नावाचं नाही, म्हणून तो बायकोच्या वाट्यातलं खातो. दारावर थाप पडली की श्वास रोखायचा. नोव्हेंबर १९४४ मध्ये रॉटरडॅममध्ये दोन दिवसांत सुमारे ५० हजार पुरुष धरून नेले, तेव्हा तर दिवसा खिडकीजवळ जायचीही सोय उरली नाही. त्याच हिवाळ्यात पश्चिमेकडच्या शहरांत अन्न संपलं. साखरबीट उकडून खाल्लं, ट्यूलिपचे कांदे खाल्ले. सुमारे २० हजार माणसं मेली. पुरुष रस्त्यावर दिसला तर पकडला जाणार, म्हणून बायका टायर नसलेल्या सायकली दामटत शेतकऱ्यांच्या दारात जात, चादरी आणि लग्नातली अंगठी देत, बटाटे आणत.

तर तुमच्या नायकाला दोन वर्षं कुणी पोसलं? बायकोने. ५ मे १९४५ नंतर तो माळ्यावरून खाली उतरतो आणि कायद्याने घराचा प्रमुख होतो. ‘कायद्याने’ हा शब्द मी अलंकार म्हणून वापरलेला नाही. डच दिवाणी संहितेत नवरा हा वैवाहिक जोडीचा प्रमुख असल्याचं कलमच होतं. लग्न झालेली बाई कायद्याच्या नजरेत अज्ञान मुलासारखी. नवऱ्याच्या संमतीवाचून बँकेत खातं नाही, मोठा करार नाही. ही अपात्रता कॉरी टेंडेलो या खासदार बाईंनी लावून धरल्यामुळे १९५६ मध्ये रद्द झाली आणि १ जानेवारी १९५७ पासून ते लागू झालं. टेंडेलो त्याआधीच ऑक्टोबरमध्ये वारल्या. ‘प्रमुख नवराच’ हे कलम मात्र १९७० पर्यंत टिकलं. तुमची सगळी कादंबरी या फटीत बसते: जिने जगवलं तिच्या सहीला किंमत नाही, आणि जो दडून बसला होता त्याच्या सहीवर घर चालतं. त्याचा दरारा मला इथून आलेला दिसतो. आपण काय केलं नाही हे तिला माहीत आहे, हे त्याला माहीत आहे.

यासाठी एक प्रसंग तयार मिळतोय, सोडू नका. २६ सप्टेंबर १९४५. काळ्या बाजाराचा पैसा बाहेर काढण्यासाठी अर्थमंत्री लीफटिंक यांनी सगळ्या जुन्या नोटा रद्द केल्या आणि आठवडाभरासाठी माणशी फक्त १० गिल्डर हातात दिले. आपल्याकडच्या २०१६ च्या नोव्हेंबरमधून गेलेल्या वाचकाला हे समजावून सांगावं लागणार नाही. तो आठवडा चार माणसांच्या घरात ४० गिल्डरांवर काढायचा. नोटा कोण मोजतं, कुठल्या डब्यात ठेवतं, किराणा कुणी आणायचा हे कोण ठरवतं? कामगारांच्या घरांत पगाराचं पाकीट आठवड्याला रोख येई आणि बऱ्याचदा ते न फोडता बायकोच्या हातात पडे. ती भाडं, कोळसा, विमा असे वाटे करून त्याला तंबाखूपुरते पैसे परत देई. कागदावरचा प्रमुख आणि डब्यांची मालकीण, दोघं एकाच टेबलाशी.

आता ‘मोठं घर’. इथे मराठी लेखकाचा पाय घसरण्याची शक्यता जास्त. तीन भाऊ, त्यांच्या बायका, एक चूल, वडिलांच्या पश्चात थोरला कर्ता, हे चित्र डच घराला लागू होत नाही. वारसा सगळ्या मुलांना, मुलींनाही. लग्न झालं की वेगळं घर, निदान इच्छा तरी तीच. युद्धानंतर घरांची टंचाई इतकी होती की जोडपी वर्षानुवर्षं सासू-सासऱ्यांच्या एका खोलीत राहिली, पण त्यात कुणाला एकत्र कुटुंबाचा आनंद वाटत नव्हता. खरोखर तीन पिढ्या एका छपराखाली हव्या असतील तर त्याला पूर्वेकडचा, ट्वेंटे किंवा आख्टरहूकचा शेतकरी करा. तिथे शेत सांभाळणारा मुलगा म्हाताऱ्या आईवडिलांसकट राहत असे. मुलं मात्र हवी तेवढी घाला: १९४६ मध्ये देशात २ लाख ८४ हजार बाळं जन्मली. पहिल्या मुलाला आजोबांचं नाव, ही पद्धत तुमच्या वाचकाला ओळखीची वाटेल.

जेवण संध्याकाळी सहाला. बटाटे, भाजी, मांसाचा मोठा तुकडा वडिलांना. प्रॉटेस्टंट घर असेल तर जेवणानंतर बायबलचं पान तेच वाचणार आणि तोवर कुणी खुर्ची सोडायची नाही. मुलं त्यांना अहोजाहो करतात. धर्म आधीच ठरवून ठेवा, कारण कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट घरांची शाळा, वर्तमानपत्र, रेडिओ, फुटबॉल क्लब, सगळंच वेगळं होतं. मुलीने दुसऱ्या धर्माचा मुलगा घरी आणला तर नायकाला ओरडायला निमित्त मिळेल.

१९२५ चा नायक घेतलात तर दिशा बदलते. १९४५ ते १९५० मध्ये नेदरलँड्सने सक्तीच्या भरतीतली एक लाखाच्या आसपास पोरं इंडोनेशियाचं स्वातंत्र्य रोखायला पाठवली. सरकारी भाषेत ते युद्धही नव्हतं, ‘पोलिसी कारवाई’ होती. परत आले तेव्हा देश पुनर्बांधणीत गुंतलेला, कुणी विचारपूस केली नाही. जानेवारी १९६९ मध्ये योप ह्यूटिंग या माजी सैनिकाने टीव्हीवर सांगितलं की आम्ही तिथे युद्धगुन्हे केले. त्याला इतक्या धमक्या आल्या की कुटुंबासह काही काळ लपून राहावं लागलं. त्या संध्याकाळी तुमच्या नायकाच्या बैठकीच्या खोलीत टीव्ही चालू असेल, मुलगा सतरा-अठराचा, केस वाढवलेला. तो वडिलांकडे वळून बघतो. सरकारची माफी यायला २०२२ उजाडलं. पंतप्रधान रुटे यांनी ती मागितली तेव्हा नायक बहुधा हयात नसेल.

शेवटी तुम्ही विचारलंय की भारताशी धागा ओढूनताणून न वाटता जोडता येईल का. येईल, पण त्यासाठी तिसरा नायक लागेल, जावामधला. मार्च १९४२ मध्ये तो जपान्यांच्या हाती लागतो आणि थायलंड-बर्मा रेल्वेच्या कामावर जातो. बायको-मुलं जावामधल्या छावणीत. ऑगस्ट १९४५ ला जपान शरण येतो, पण तो अजून थायलंडमध्येच अडकलेला. इकडे जावात डच कुटुंबांवर हल्ले सुरू होतात आणि बंदोबस्ताला येते ती ब्रिटिश भारतीय फौज. ऑक्टोबर १९४५ मध्ये सुराबायात उतरलेल्या ४९ व्या ब्रिगेडमध्ये मराठा लाइट इन्फंट्रीच्या पलटणी होत्या. २८ तारखेला डच बायका-मुलांना हलवणाऱ्या, भारतीय सैनिकांच्या पहाऱ्यातल्या ट्रकच्या ताफ्यावर हल्ला झाला, ३० ला या ब्रिगेडचा प्रमुख ब्रिगेडियर मॅलबी मारला गेला आणि नोव्हेंबरभर शहर पेटलं. म्हणजे नायकाच्या बायकोच्या ट्रकवर सातारा-कोल्हापूरकडचा एखादा शिपाई बसलेला असणं अगदी शक्य आहे. तो बिचारा दुसऱ्याच्या वसाहतीसाठी मरत होता, आणि इकडे नेहरू आपलं सैन्य तिथून परत बोलवा म्हणून सांगत होते. ती बाई पुढे हेगच्या एखाद्या थंड फ्लॅटमध्ये संसार थाटेल, नवरा प्रमुख असेल, आणि त्या ट्रकबद्दल जे सांगायचं ते फक्त तिलाच सांगता येईल. निवेदन तिच्याकडे देऊन बघा.