वडील कोमात आहेत. त्यांचं खातं आणि मुंबईतला फ्लॅट सांभाळायला कोर्टात कोणती कागदपत्रं लागतात?

मुंबई उच्च न्यायालयात पालक नेमण्याची याचिका करावी लागते, आणि तिचा सगळा भार दोन गोष्टींवर असतो: मेंदूविकारतज्ज्ञाचं ताजं प्रमाणपत्र आणि बाकी सर्व वारसांची ना-हरकत प्रतिज्ञापत्रं. प्रमाणपत्रात नुसतं ‘कोमात’ नको. कधीपासून, सुधारण्याची शक्यता किती आणि सही करता येते का, हे स्पष्ट हवं. बरेचदा कोर्ट सरकारी रुग्णालयाच्या डॉक्टरांकडूनही तपासणी करून घेतं. सोबत जोडा:

- वडिलांचं आणि तुमचं आधार, पॅन, नात्याचा पुरावा
- फ्लॅटचा नोंदणीकृत करार, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट
- पासबुक, एफडी पावत्या, डिमॅट स्टेटमेंट
- हॉस्पिटलची बिलं, महिन्याच्या खर्चाचा अंदाज

परदेशातल्या भावाबहिणीची सही भारतीय वकिलातीत साक्षांकित करून घ्या. गाडी हमखास इथेच अडते. खाते क्रमांक याचिकेत एकूण एक लिहा, आदेशात नसलेल्या खात्याला बँक हात लावू देत नाही. कायदा म्हणाल तर कोमातल्या माणसासाठी स्वतंत्र कायदाच नाही, म्हणून राज्यघटनेच्या कलम 226 खाली, म्हणजे उच्च न्यायालयाच्या विशेष अधिकाराखाली, जावं लागतं. जुनं मुखत्यारपत्र इथे चालत नाही; देणाऱ्याची समज गेली की करार कायद्याच्या कलम 201 नुसार तेही संपतं. मात्र पालक झालात म्हणून फ्लॅट विकता येईलच असं नाही, त्याची परवानगी वेगळी मागा.