गोळ्यांची आठवण फोनवरून करून द्यावी का?

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. तो गोळ्या चुकवतो. मी दुसऱ्या शहरात राहतो. मोबाईलवर रोज संदेश पाठवल्यास उपयोग होईल का?

उत्तर : होऊ शकेल, मात्र आधी त्याची संमती घ्या. चीनमधील लिउयांग येथे २७८ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात रोजच्या संदेशांमुळे औषधे घेण्यातील नियमितता वाढलेली दिसली. परंतु तेथे संदेशांच्या जोडीला रुग्णाकडे प्रत्यक्ष लक्ष ठेवणारी एक जवळची व्यक्तीही होती, हे विसरू नये. तुम्ही दूर असल्यामुळे अशी व्यक्ती शोधणे अधिक महत्त्वाचे आहे.

संदेश ठरलेल्या वेळी, तुमच्याच क्रमांकावरून आणि तुमच्या नावासह जावा. त्यात आजाराचा किंवा औषधाचा उल्लेख नको, कारण पडद्यावर तो कोणीही वाचू शकतो. ‘घेतली का?’ या दरडावणीपेक्षा ‘आज झोप कशी लागली?’ हा प्रश्न बरा. झोप उडणे हे अनेकदा आजार पुन्हा उचल खाण्याचे पहिले लक्षण असते. फोनमधून आपल्यावर पाळत ठेवली जाते असे त्याला वाटू लागले, तर संदेश ताबडतोब थांबवून डॉक्टरांना कळवा.

शिवाय गोळ्या केवळ विसरल्यामुळेच चुकतात असे नाही. वाढणारे वजन, दिवसभराची सुस्ती, किंवा आपण आजारीच नाही ही ठाम समजूत यांवर संदेशाचा इलाज नाही. तेथे औषध बदलण्याविषयी अथवा दीर्घकाळ परिणाम टिकणाऱ्या इंजेक्शनविषयी मानसोपचारतज्ज्ञांशी बोलावे. आत्महत्येचा विचार त्याने बोलून दाखवल्यास उत्तर टाईप करत बसू नका, लगेच फोन करा आणि कोणाला तरी त्याच्याजवळ पाठवा.