जेवणघरासाठी जुना सागवानी साइडबोर्ड घ्यावा की नवे क्रोकरी युनिट?

आपल्या प्रश्नावरून मला समजले ते असे: लातूरमधील आपल्या घरात जेवणघर दहा बाय अकरा फुटांचे आहे, ओळखीच्या एका वाड्यातील सामान निघत असल्याने तेथील सहा फूट लांबीचा, वर आरसा असलेला सागवानी साइडबोर्ड, म्हणजे वाढपासाठीचे खणांचे बुटके कपाट, आपल्याला मिळू शकतो, विकणारे तो 'निजामाच्या काळातला अँटिक' असल्याचे सांगतात, आणि घरच्यांच्या मते त्याच पैशात नवे क्रोकरी युनिट येईल. मी छत्रपती संभाजीनगरात राहतो आणि आमच्या जेवणघरात असा एक साइडबोर्ड गेली चौदा वर्षे आहे. माझे मत असे की तो जरूर घ्यावा, परंतु समोरून कितीही देखणा वाटला तरी त्याचे खण बाहेर काढून आणि पाठ भिंतीपासून ओढून पाहिल्याशिवाय सौदा ठरवू नये.

आधी जागा. जुने साइडबोर्ड साधारणपणे वीस ते बावीस इंच खोल असतात. आपली खोली दहा फूट, म्हणजे १२० इंच रुंद. त्यातून साइडबोर्डचे २० आणि टेबलाचे ३६ इंच गेले की ६४ इंच उरतात. टेबल मधोमध ठेवले तर दोन्ही बाजूंना ३२ इंच मिळतील आणि मग कोणी जेवायला बसलेले असताना खालचे दार उघडणार नाही. आम्ही भिंतीकडच्या बाजूला खुर्च्यांऐवजी बाक टाकले आणि टेबल तिकडे सरकवले, तेव्हा साइडबोर्डसमोर माणूस उभा राहील एवढी जागा झाली. त्याची उंची बहुधा तीन फुटांच्या आसपास, म्हणजे आपल्या स्वयंपाकाच्या ओट्याहून थोडी अधिक असते, कारण मुळात तो उभ्याने वाढणाऱ्यांसाठी केलेला आहे. सणावारी वीस माणसे जेवायला असली की वरण, भात, भाजी त्यावर मांडून प्रत्येकाने आपापले ताट वाढून घ्यावे, ही सोय नव्या उंच युनिटमध्ये मिळत नाही. तेथे कपबश्या काचेआड शोभेला बसतात.

आता 'अँटिक' या शब्दाविषयी. ज्या वस्तूने शंभरी गाठली तीच अँटिक, त्याहून अलीकडची ती व्हिंटेज, असा व्यवहारातील ढोबळ संकेत आहे. साइडबोर्ड हा प्रकार इंग्लंडमध्ये अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात घडला. आधी नुसते वाढपाचे टेबल आणि त्याच्या दोन बाजूंना स्वतंत्र खांबवजा कपाटे असत. वास्तुरचनाकार रॉबर्ट ॲडमच्या रचनांमध्ये ती जोडीने दिसतात. फर्निचर बनवणाऱ्या जॉर्ज हेपलव्हाइटचे नमुने १७८८ मध्ये छापले गेले, तोवर हे सारे एकत्र येऊन खणांचा एकसंध साइडबोर्ड झाला होता आणि त्यातील एका खणाला मद्याच्या बाटल्यांसाठी आतून शिशाचा पत्रा लावलेला असे. आपल्याकडे हा प्रकार साहेबी घरांबरोबर आला. १९४८ पर्यंत मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे तालुकदारांच्या बंगल्यांतून, वकिलांच्या आणि देशमुखांच्या दिवाणखान्यांतून असे सामान असणे स्वाभाविकच होते. माजघरात मात्र तेव्हा पाटावरच जेवत. तेव्हा 'निजामाच्या काळातला' हे वाक्य खरे असूनही त्याचा अर्थ एवढाच होतो की वस्तू पाऊणशे वर्षांहून जुनी आहे. कोपरे गोलाकार असतील, व्हिनिअरच्या (वर चिकटवलेल्या लाकडाच्या पातळ पापुद्र्याच्या) रेषा समोरासमोर जुळवलेल्या असतील आणि नक्षी जवळजवळ नसेल, तर तो आर्ट डेको या साध्या, भौमितिक शैलीच्या घाटाचा, म्हणजे बहुधा १९३० नंतरचा समजावा. राजवाड्याच्या कथेसाठी एक रुपयाही अधिक देऊ नये.

खण बाहेर काढल्यावर त्याच्या कोपऱ्यातील सांधा पाहावा. हाताने कापलेल्या डव्हटेलचे (पारव्याच्या शेपटीसारख्या, एकमेकांत अडकणाऱ्या सांध्याचे) दाते किंचित कमीअधिक रुंदीचे असतात आणि शेजारी सुताराने आखलेली बारीक रेघ राहिलेली दिसते; यंत्रावरचे दाते सगळे एकसारखे. खणाच्या तळावरून बोटे फिरवली की हातरंध्याचे हलके चढउतार जाणवतात. पाठीला प्लायवूड असेल तर एक तर वस्तू विसाव्या शतकातील आहे किंवा पाठ नंतर बदललेली आहे, आणि दुसरे असल्यास ती का बदलली हे विचारावे. उत्तर बहुधा 'वाळवी' असे येते. पायांच्या तळाशी मातीच्या रेघा आहेत का ते पाहावे आणि लाकडावर बोटाच्या पेराने वाजवून पाहावे; पोकळ भाग लगेच कळतो. सागाच्या गाभ्याला कीड सहसा लागत नाही, पण आतल्या फळ्या आणि पाठ पुष्कळदा हलक्या लाकडाची असते. मोहरीएवढी भोके दिसली तर खाली काळा कागद अंथरून दोन दिवस थांबावे. कागदावर पिठासारखा ताजा भुसा पडला तर कीड जिवंत आहे. न पडल्यास ती जुनी भोके असण्याचा संभव अधिक.

माझी मोठी चूक पॉलिशची. साइडबोर्ड घरी आला तेव्हा वरच्या फळीवर पांढरट गोल डाग होते, म्हणून मी तो एका दुकानात 'नवा करून' आणायला दिला. त्यांनी घासण्याचे यंत्र फिरवले, एका कडेला व्हिनिअर पार झिजून खालचे फिकट लाकूड उघडे पडले, आणि वर मेलामाइन या रासायनिक पॉलिशचा चकचकीत थर चढवला. साठ-सत्तर वर्षांत मुरलेला तो मधासारखा रंग गेला तो गेलाच. ते डाग गरम पातेल्याचे होते आणि फक्त लाखेच्या पॉलिशमध्ये होते. जाणत्या मिस्त्रीने स्पिरिटची गादी हलकेच फिरवली असती तर बहुतेक निघाले असते, हे मला नंतर कळले. आपण आधी न दिसणाऱ्या जागी कापसाने थेंबभर स्पिरिट लावून पाहावे. पृष्ठभाग चिकट झाला तर ते लाखेचे पॉलिश आहे, आणि तसे असल्यास घासू देऊ नये. पुसून घेऊन मेण लावणे पुरे. पुढे गरम भांड्याखाली लाकडी पाट ठेवण्याची सवय मात्र घरात सर्वांना लावावी लागते. वरची फळी संगमरवरी असेल तर उष्णतेची काळजी कमी, पण लिंबू, चिंच आणि ताक सांडले की लगेच पुसावे लागते, कारण आंबट पदार्थ संगमरवराची चकाकी खातात.

हवेचेही सांगायला हवे. आपल्याकडे मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर जातो, लाकूड आडव्या अंगाने आकसते. त्यातच समोर कूलर लावला की ओल्या झोताने तेच लाकूड फुगते, खण अडकतात आणि व्हिनिअर सुटू लागते. म्हणून पश्चिमेची तापणारी भिंत आणि कूलरचा झोत, दोन्ही टाळावेत. अडकणाऱ्या खणाच्या पट्ट्यांवर मेणबत्ती घासली की तो सरकू लागतो. वरची आरशाची चौकट लोखंडी पट्टीने भिंतीला बांधून घ्यावी. ३० सप्टेंबर १९९३ ची भूकंपाची पहाट लातूरकरांना मी सांगायला नको.

वाहतूक करताना खणांवर आधी खडूने खुणा कराव्यात. आमच्याकडे दोन खण टेम्पोतून उतरल्यावर बसेनात, लाकूड फुगले असावे असे समजून मी कडा रंधून घेणार होतो. वयस्कर मिस्त्रीने रंधा बाजूला ठेवून दोन्ही खण उलटे केले. तळाला शिसपेन्सिलीने उर्दू आकडे लिहिलेले होते, एकावर दोन आणि दुसऱ्यावर तीन. आम्ही त्यांची अदलाबदल केली होती.